मुखवैद्यकाचे शिक्षण आणि रुग्णालयातील फिरत्या नेमणुका

बंगळुरूच्या उत्तरेस हेब्बाळ परिसरात चोळनगर येथे श्री राजीव गांधी दंतविज्ञान महाविद्यालय आहे, तर बळ्ळारी मार्गावर १९७३ पासून बंगलोर बाप्टिस्ट हॉस्पिटल हे सर्वसाधारण रुग्णालय कार्यरत आहे. दातांचे उपचार एका इमारतीत आणि उर्वरित शरीराचे दुसऱ्या इमारतीत, ही विभागणी देशभर आढळते. रोग मात्र ती पाळत नाहीत.

या विभागणीला संस्थात्मक आधार आहे. १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमानुसार १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली व दंतशिक्षणाचे नियमन वैद्यकीय शिक्षणापासून स्वतंत्र राहिले. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय दंत आयोग अधिनियमातही ही स्वतंत्र चौकट कायम आहे. दंतशास्त्रातील एम.डी.एस. ही पदव्युत्तर पदवी तीन वर्षांची असून तिच्या नऊ शाखांपैकी ‘ओरल मेडिसिन व रेडिओलॉजी’, म्हणजेच मुखवैद्यक व क्ष-किरण निदान, ही एक आहे. शस्त्रक्रियेपेक्षा निदान आणि औषधोपचार यांवर या शाखेचा भर असतो. म्हणूनच निवासी दंतवैद्याने रुग्णालयाच्या विविध विभागांत काही काळ काम करणे आवश्यक ठरते. महाविद्यालयांत यालाच ‘पोस्टिंग’ म्हणतात.

प्रत्येक विभाग काय शिकवतो?

पेम्फिगस व्हल्गॅरिस या त्वचारोगाचे फोड अनेकदा प्रथम तोंडातच उमटतात. ते ओळखण्याची दृष्टी त्वचारोग विभागात येते. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या मज्जातंतूच्या विकाराची कळ दातदुखीसारखी भासते व त्यापायी निरोगी दात काढले जाण्याची शक्यता असते. हा फरक मज्जाविकार विभागात स्पष्ट होतो. हिरड्यांची सूज व रक्तस्राव हे रक्ताच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते. किरणोपचार घेतलेल्या रुग्णाचा दात काढताना जबड्याच्या अस्थीला असलेला धोका कर्करोग विभागातच उमगतो.

सार्वजनिक हिताचा प्रश्न

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार देशात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले. १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी वर्णन केलेला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हा सुपारीशी निगडित विकार कर्करोगपूर्व अवस्था मानला जातो. तिरुवनंतपुरम येथील अभ्यासाच्या २००५ मधील निष्कर्षांनुसार तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांत मुखतपासणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी घटले. वेळेवरच्या निदानाने शस्त्रक्रिया मर्यादित राहते आणि कुटुंबाचे उत्पन्नही टिकते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी येथे ‘बाह्य लाभ’ ही संकल्पना ध्यानात घ्यावी. प्रशिक्षणाचा खर्च दोन संस्था सोसतात : रुग्णालयाला आपल्या तज्ज्ञांचा वेळ द्यावा लागतो आणि दंतमहाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तेवढे मनुष्यबळ कमी पडते. लाभ मात्र पुढील तीस वर्षे अन्य गावांतील अनोळखी रुग्णांना मिळतो. ज्याचा लाभ आपल्या हिशेबात दिसत नाही, त्यावर संस्था पुरेसा खर्च करीत नाहीत. परिणामी नेमणूक नोंदवहीतील स्वाक्षरीपुरती उरण्याचा धोका संभवतो.

यासाठी केवळ दिवस मोजणे पुरेसे नाही. निवासी दंतवैद्याने किती रुग्ण स्वतः तपासले, किती निदाने तज्ज्ञांकडून पडताळून घेतली आणि पाठविलेल्या रुग्णांचे पुढे काय झाले, यांची नोंद व्हावी. दोन्ही संस्थांचा संयुक्त बाह्यरुग्ण विभाग अल्प खर्चात चालू शकतो. राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत तीस वर्षांवरील व्यक्तींच्या मुखतपासणीची तरतूद आहे; परंतु गावपातळीवर संशयित ठरलेल्या रुग्णाचे अचूक निदान करणारा तज्ज्ञ उपलब्ध असेल तरच ती फलदायी ठरेल. असा तज्ज्ञ घडविण्यासाठी दंतमहाविद्यालय व रुग्णालय यांमधील अंतर प्रशिक्षणकाळातच पार व्हावयास हवे.