पडलेले बालक आणि वैद्याचा पहिला निर्णय

काही वर्षांपूर्वी सायंकाळी औषधालय बंद करण्याच्या वेळी एक आजी सात महिन्यांच्या नातवास कडेवर घेऊन आल्या. बाळ दिवाणावरून खाली पडले होते. "वैद्यबुवा, पडला तेव्हा लगेच रडला, आता शांत आहे. कानाच्या वर टेंगूळ आलंय, तेवढी लेपगोळी द्या," असे त्यांचे म्हणणे. लेपगोळीची डबी आमच्या हाती आलीच होती. बाळ शांत आहे, म्हणजे बरे आहे, असे आम्हीही क्षणभर मानले. सहज विचारले, "आजी, पडल्यावर काही दिलंत का?" उत्तर आले, "रडून दमला होता, म्हणून गुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त दिले."

आमचे अनुमान तेथेच ढासळले. ही शांतता जायफळाची की मस्तकावरील आघाताची, हे सांगणे आता कोणासही शक्य नव्हते. टेंगूळ हलक्या हाताने चाचपले, तर ते कानाच्या वर, मऊ आणि पसरट लागले. बाळास तत्काळ रुग्णालयात पाठविले. तेथे कवटीच्या अस्थीस बारीक भेग आढळली. निरीक्षणानंतर बाळ सुखरूप घरी आले. परंतु लेपगोळी देऊन आम्ही त्यास घरी धाडले असते, तर ती रात्र कशी गेली असती, हा विचार आजही आमची पाठ सोडत नाही.

बालकाच्या किरकोळ आघातात वैद्याचे पहिले कार्य चिकित्सा नव्हे, तर निवड होय. कोणास घरी ठेवावे आणि कोणास पाठवावे, हे आधी ठरले पाहिजे. लेप, तैल, गुटी हे सर्व त्यानंतरचे.

शास्त्राची दृष्टी

शिराचे महत्त्व आपणांस नव्याने सांगावयास नको. चरकाचार्यांनी त्रिमर्मांत शिराची गणना केली आहे. सुश्रुताचार्यांनी १०७ मर्मांपैकी शंख हे मर्म सद्यःप्राणहर, तर कपालसंधींवरील सीमंत मर्मे कालांतरप्राणहर सांगितली. कालांतर हा शब्द येथे मोलाचा आहे. आघातानंतर बालक काही तास स्वस्थ दिसते आणि कवटीच्या आतील रक्तस्राव वाढल्यावर मगच ढासळते, हा आजचाही अनुभव आहे. शंखप्रदेशी अस्थी पातळ असते व तिच्या आतील बाजूने धमनी जाते. म्हणून कपाळावरील टेंगूळ बहुधा किरकोळ ठरते, तर कानाच्या वरील किंवा मागील बाजूचे टेंगूळ संशयास्पद मानावे.

२००९ साली 'लॅन्सेट'मध्ये उत्तर अमेरिकेतील ४२,४१२ बालकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांखालील बालकांत कपाळ सोडून अन्यत्र आलेले टेंगूळ, सुमारे तीन फुटांहून अधिक उंचीवरून पतन, पाच सेकंद वा त्याहून अधिक काळ बेशुद्धी, हातास लागणारा अस्थिभंग, शुद्धीतील बदल आणि 'हा नेहमीसारखा वागत नाही' हे आईबापांचे म्हणणे, ही धोक्याची चिन्हे त्यात नोंदली आहेत. यांतील शेवटचे चिन्ह विशेष ध्यानात ठेवावे. आईचे म्हणणे हे लक्षणच होय.

बोलू न शकणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या चेष्टांवरून ओळखावी, हा काश्यपसंहितेतील वेदनाध्यायाचा विषय आहे. शिरःशूलात बालक डोके वारंवार हलविते, डोळे मिटून घेते, अस्वस्थ राहते व झोपत नाही, असे तेथे वर्णन आहे. ही निरीक्षणपद्धती आपल्या परंपरेतीलच असून तिचा उपयोग अशा प्रसंगी अवश्य करावा.

विनाविलंब कोणास पाठवावे

तीन महिन्यांखालील बालकाच्या मस्तकास मार लागला असेल, तर लक्षणे नसली तरी पाठवावे. बेशुद्धी, आकडी, वारंवार उलटी, असामान्य झोपाळूपणा, न थांबणारे रडणे, दूध न ओढणे, फुगलेली टाळू, बाहुल्यांचा असमान आकार, कानातून वा नाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, एखादा हात वा पाय न हलविणे, यांपैकी एकही चिन्ह असल्यास थांबू नये. बालक बेशुद्ध असेल वा आकडी येत असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मार आणि सांगितलेले कारण यांचा मेळ बसत नसेल, किंवा अद्याप पालथेही न पडणाऱ्या बालकाच्या अंगावर वळ वा नीळ दिसत असेल, तरीही बालरोगतज्ज्ञांकडेच पाठवावे.

घरी ठेवताना

उंची अल्प, टेंगूळ कपाळावर, रडणे लगेच थांबलेले आणि बाळ पूर्ववत खेळते व पिते, असे असेल तरच घरी निरीक्षण योग्य. टेंगळावर कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ धरावा. पहिले चार ते सहा तास डोळ्यांत तेल घालून पाहावे आणि एक दिवस लक्ष ठेवावे. झोपेची वेळ असल्यास झोपू द्यावे. मात्र मधूनमधून हलकेच जागे करून प्रतिसाद पाहावा. या काळात टाळू भरणे, डोक्याची मालीश व शेक वर्ज्य करावा. टेंगळावर नाणे दाबू नये. गूळचुना लावू नये. चुन्याने कोवळी त्वचा भाजते. जायफळ किंवा झोप आणणारे कोणतेही द्रव्य मुळीच देऊ नये; त्याने रोग बरा होत नाही, लक्षण तेवढे झाकले जाते.

औषधालयाच्या चालकांस विनंती

आपल्या काउंटरवर प्रथम येणारा प्रश्न 'काय देऊ' हा नसावा. बाळाचे वय किती, किती उंचीवरून पडले, कोठे लागले, लगेच रडले का, उलटी झाली का, आणि त्यानंतर काय दिले, हे सहा प्रश्न सहायकाकडून पाठ करून घ्यावेत. जखम असल्यास लसीकरणपत्रिका पाहण्यास सांगावे. झोप आणणारी सर्दीची सिरपे अशा वेळी देऊ नयेत. पाठविताना वेळ, पतनाची उंची आणि दिलेली द्रव्ये चिठ्ठीवर लिहून द्यावीत. रुग्णालयातील वैद्यकास त्याचा मोठा उपयोग होतो.

रुग्ण पाठविला म्हणजे आपले ज्ञान उणे पडले, अशी भावना काही बांधवांत आढळते. ती सोडावी, अशी आमची नम्र विनंती आहे. त्या आजी आजही आमच्याकडेच येतात. त्या दिवशी आम्ही त्यांना लेपगोळी विकली नाही, हेच त्या इतरांस सांगतात.