विचारायचं आणि थांबायचं

जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या आसपासच्या पागांमध्ये दिवस चाऱ्यानं सुरू होतो आणि तिथे कुणाचीही सबब चालत नाही. सकाळी सहाला सुकं गवत, त्यानंतर मापलेले ओट्स. हा क्रम उलटा करायचा नाही. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, समोर चारा असो वा नसो. आणि ते शमवणारी लाळ मात्र फक्त चावतानाच सुटते. तोंड बराच वेळ रिकामं राहिलं की जठराला व्रण होतात. त्यात घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात काही बिनसलं तर ते पुढेच सरकावं लागतं, नाहीतर पोटशूळ उठतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. म्हणून इथे शिकायला येणाऱ्याला लगाम हातात मिळण्याच्या आधी दोन गोष्टी शिकवतात: प्रत्येक कप्प्यासमोर उभं राहून चावण्याचा आवाज ऐकायचा आणि रात्रीची लीद बघायची. नेहमीपेक्षा कमी आहे का, कोरडी आहे का, गोळे सुटे आहेत की नाहीत. मग पाणी. स्वयंचलित भांड्यात बोट घालून ते खरंच येतंय ना, हे रोज तपासायचं. मोठा घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितो आणि थंडीत नळी गोठली तर तो ओरडून सांगत नाही.

मी जिथे शिकते ती ड्रेसाजची पागा आहे. ड्रेसाज म्हणजे शर्यत नाही, उड्या नाहीत. वीस मीटर रुंद आणि साठ मीटर लांब वाळूच्या आयतात घोड्यानं स्वाराच्या जवळजवळ न दिसणाऱ्या सूचनांवर चालायचं, दुडकायचं, कडेकडेनं सरकायचं, एका जागी ताल धरायचा. प्रत्येक हालचालीला पंच शून्य ते दहा गुण देतात. लांबून पाहणाऱ्याला घोडा आपणहून नाचतोय असं वाटतं. जवळून पाहिलं की कळतं, दोघांमध्ये अखंड संभाषण चालू आहे आणि ते शिकण्यातच इथल्या माणसांची वर्षं जातात.

पागेत घोडे दोन प्रकारचे. काही इथे राहायला ठेवलेले: मालक महिन्याचं भाडं भरतात, त्यात जागा, चारा, लीद काढणं आणि रोज मोकळ्या कुरणात सोडणं येतं. काही घोडे पागेचेच, शिकवण्यासाठी ठेवलेले. मराठी माणसाला सांगायचं तर काही शिलेदार आणि बाकी आम्ही बारगीर. मधला एक प्रकारही आहे: ज्याला रोज यायला जमत नाही तो मालक आठवड्यातले दोन-तीन दिवस दुसऱ्या स्वाराला देतो, आणि तो स्वार खर्चाचा वाटा उचलतो. बँकेत काम करणारी बाई, निवृत्त शिक्षक, शाळेतल्या मुली, सगळे संध्याकाळी एकाच बोळात आपापला घोडा बांधून खरारा करताना दिसतात. जाताना तो बोळ ज्यानं त्यानं झाडून जायचा. वाळूत घोड्यानं लीद टाकली तर स्वारानंच ती उचलायची. हे नियम भिंतीवर लिहिलेले आहेत, पण ते पाळून घेतात त्या पागेतल्या जुन्या बायका, नुसत्या एका नजरेनं.

पागा चालते ती मात्र उमेदवारांच्या जिवावर. घोड्यांची देखभाल आणि प्रशिक्षण हा जर्मनीत रीतसर तीन वर्षांचा व्यवसाय-शिक्षणक्रम आहे. सतरा-अठरा वर्षांची मुलं-मुली पागेत राबतात, जोडीला व्यवसाय शाळेत जातात आणि शेवटी परीक्षा देतात. सकाळी ढकलगाडीतून लीद वाहणारी मुलगीच दुपारी तरुण घोड्याला लांब दोरीवर फिरवत असते. आमची ट्रेनर याच वाटेनं आली, पुढे तिनं मास्टरची परीक्षा दिली. अजूनही ती स्वतः येऊन घोड्यांचे पाय चाचपते. तळवा गुडघ्याखालून टाचेपर्यंत फिरवायचा, चारही पायांवर, रोज, एकाच क्रमानं. कालच्यापेक्षा आज एखाद्या शिरेवर ऊब जास्त लागली तर त्या दिवशी खोगीर चढत नाही. मग खूर उचलून कोरायचा. तळाशी त्रिकोणी, रबरासारखा मऊ भाग असतो, त्याच्या खाचेला कुजका वास आला तर ओल धरली आहे असं समजायचं. नालबंद सहा-आठ आठवड्यांनी येतो, पण खूर बिघडायला तेवढा वेळ लागत नाही.

वाळूच्या मैदानात जायच्या आधी दाराबाहेरून ओरडून विचारावं लागतं, दार मोकळं आहे का? आतून उत्तर आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, कारण दाराआड कुणाचा तरी घोडा बुजू शकतो. आत गेल्यावर निदान दहा मिनिटं सैल लगामावर नुसतं चालणं. सांध्यांत वंगण उतरायला तेवढा वेळ हवाच. नवख्याला ही दहा मिनिटं फुकट गेल्यासारखी वाटतात. ट्रेनरच्या मते घोड्याचं आयुष्य वाढवतात ती हीच.

नव्या माणसाला पहिले कित्येक महिने लगाम मिळत नाही. ट्रेनर मधे उभी राहते, घोडा दोरीवर तिच्याभोवती गोल फिरतो आणि वर बसलेल्यानं रिकिबी सोडून, हात मोकळे ठेवून फक्त बसायचं. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्येही शिकाऊ स्वारांची सुरुवात अशीच होते. बसायचं म्हणजे काय, ते दुडकी चालीत कळतं. घोड्याची पाठ खालून वर फेकत असते. शरीर घट्ट केलं की आपण उसळतो, उसळलो की पकडायला गुडघे आवळतो आणि गुडघे आवळले की आणखी वर फेकले जातो. ट्रेनर एकच सांगते: श्वास सोड. सोडला की कंबर सुटते, बैठकीची दोन हाडं खोगिरात उतरतात आणि घोड्याची पाठ डावी-उजवी आळीपाळीनं वर येते-खाली जाते हे पहिल्यांदा जाणवतं. मांड पक्की झाली याचा अर्थ घोड्याला धरून ठेवण्याइतकी ताकद आली असा नाही. ज्याला कशालाच धरायची गरज उरली नाही, त्याची मांड पक्की.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचं उदाहरण इथे प्रत्येकाला माहीत असतं. १९४४ मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्यांखाली पाय लुळे राहिले. ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये तोवर फक्त लष्करी अधिकाऱ्यांना प्रवेश होता. १९५२ मध्ये हेलसिंकीला तो स्त्रियांना आणि नागरिकांना खुला झाला. लिस हार्टेल यांना घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची. त्यांनी ज्युबिली या घोडीवर रौप्यपदक मिळवलं, आणि चार वर्षांनी पुन्हा मिळवलं. टाच मारायला ज्यांचे पाय चालत नव्हते, त्यांनी वजन आणि कंबर यांवर हे साधलं. मांड पक्की असण्याचं महत्त्व सांगायला मला याहून मोठा पुरावा ठाऊक नाही.

पागेतल्या सगळ्यात मोठ्या शिक्षिकेला सगळे ओमा म्हणतात, म्हणजे आजी. वीस वर्षांची तपकिरी वेस्टफालियन घोडी, कपाळावर पांढरा ठिपका, डोळ्यांवरचे खळगे आता खोल झालेले. एकेकाळी ती वरच्या श्रेणीच्या स्पर्धा खेळली आहे. जे काही शिकवायचं ते तिला येतं. विचारणाऱ्यानं नीट विचारलं तर ती करते, नाही तर करत नाही. रागावत नाही, उधळत नाही, फक्त वाट बघते.

परवा तिच्यावर चौदा वर्षांची एक मुलगी होती. धडा होता पायाच्या दाबावर घोडा बाजूला सरकवण्याचा: तोंड पुढेच, पण शरीर तिरकं, पाय एकमेकांना ओलांडत. मुलीनं डावा पाय दाबला. ओमा सरळच चालत राहिली. मुलीनं आणखी दाबला. ओमानं पोट घट्ट केलं आणि उलट त्या पायावरच रेलली. जिच्या कातडीला बसलेली माशी कळते, त्या घोडीला पायाचा एवढा दाब कळत नव्हता असं नाही.

ट्रेनरनं तिला थांबवून लगाम सैल सोडायला लावला. डोळे मिटून नुसतं चाल, म्हणाली, आणि तुझं डावं कंबरेचं हाड खाली जाईल तेव्हा ‘आत्ता’ म्हण. मुलगी म्हणू लागली, आत्ता... आत्ता... आत्ता. मी बाहेरून मागचा पाय बघत होते. दर ‘आत्ता’ला डावा मागचा खूर नुकताच वाळूतून सुटलेला असे. युक्ती सगळी इथे आहे. मागचा पाय उचलून पुढे येतो तेव्हा पोटाचा गोल दुसऱ्या बाजूला झुकतो आणि स्वाराचं उचललेल्या पायाच्या बाजूचं कंबरेचं हाड खाली उतरतं. जमिनीवर टेकलेल्या पायाला कुठेही जायला सांगता येत नाही, त्यावर सगळा भार असतो. हवेतल्या पायाला सांगता येतं. सांगायला वेळ मिळतो तो अर्ध्या क्षणाचा.

मग डोळे उघडून पुन्हा. आता दाब अगदी हलका, पण त्या अर्ध्या क्षणात. ओमाचा डावा मागचा पाय उजव्याच्या पुढून ओलांडून गेला. मुलगी हरखली आणि हरखल्यामुळे दाबतच राहिली. ट्रेनर लगेच म्हणाली, “सोड! तू विचारलंस, तिनं उत्तर दिलं. आता गप्प बस.” पुढच्या पावलाला पुन्हा विचार, पुन्हा गप्प. पाच-सहा पावलं अशी गेली आणि ओमानं मान लांब करून नाकातून मोठा फुत्कार सोडला. पाठ सैल झाल्याची ती खूण.

मला ड्रेसाजमध्ये शिकण्यासारखं सगळ्यात अवघड वाटतं ते हेच. विचारणं लवकर जमतं. उत्तर मिळालं त्याच क्षणी विचारणं बंद करणं जमत नाही. घोड्याच्या दृष्टीनं बक्षीस म्हणजे साखरेचा खडा नव्हे, दाब निघून जाणं हेच बक्षीस. तो उशिरा निघाला तर कशासाठी निघाला हे त्याला कळत नाही. निघालाच नाही तर घोडा हळूहळू पायाला बधिर होतो, आणि मग माणसं मोठे काटे आणि जाड चाबूक विकत घेतात.

जर्मन पद्धतीत प्रशिक्षणाच्या सहा पायऱ्या मानतात: ताल, सैलपणा, हाताशी संपर्क, आवेग, सरळपणा आणि शेवटी शरीर गोळा करणं, म्हणजे भार मागच्या पायांवर घेणं. या विचाराची मुळं १९१२ साली निघालेल्या आणि १९३७ मध्ये सुधारलेल्या घोडदळाच्या नियमपुस्तकात आहेत. पियाफ, म्हणजे जागच्या जागी तालात पाय उचलणं, हे सहाव्या पायरीवर. घाई करणारा स्वार दुसरी पायरी ओलांडून थेट सहावीवर जायला बघतो: लगाम आवळून मान छातीशी ओढतो, नाकपट्टा करकचून बांधतो. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये उघडी हिरडी असते आणि लगामाची लोखंडी सळी तिच्यावर टेकलेली असते, हे एकदा स्वतः बोटानं चाचपून पाहावं. आमच्या पागेत नाकपट्ट्याखाली दोन बोटं जायलाच हवीत, आणि ती बोटं ट्रेनरची असतात. मोठ्या स्पर्धांमधून घोड्यांच्या छळाची प्रकरणं बाहेर येतात तेव्हा हा खेळच बंद करा अशी मागणी होते. मला ती मागणी समजते. पण ओमाचा तो फुत्कार ज्यांनी ऐकला आहे त्यांना हेही ठाऊक असतं की जबरदस्तीनं मिळालेली चाल आणि विचारून मिळालेली चाल यांत वाळूवरच्या ठशांपर्यंत फरक दिसतो. पंचांनी तो पाहून गुण कापले पाहिजेत. अजून पुरेसे कापले जात नाहीत असं माझं मत आहे.

२६ सप्टेंबर २०२३ ला हांगझौच्या आशियाई स्पर्धेत भारतानं ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं तेव्हा पागेत माझं अभिनंदन झालं. अश्वारोहणातलं ते ४१ वर्षांनंतरचं सुवर्ण. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला. संघाची बेरीज २०९.२०५. अनुषनं वैयक्तिक कांस्यही मिळवलं आणि २०२४ मध्ये तो पॅरिसला ऑलिंपिक ड्रेसाज खेळणारा पहिला भारतीय ठरला. तो शिकला ते इथून जवळच, पाडरबोर्नच्या बाजूला, अथेन्सचे सांघिक सुवर्णविजेते हुबेर्टुस श्मिट यांच्याकडे. चौघांनीही युरोपात राहून, युरोपातल्या घोड्यांवर तयारी केली. रोगमुक्त क्षेत्राची आंतरराष्ट्रीय मान्यता नसल्यानं भारतातले घोडे परदेशात स्पर्धेला नेणं फार कठीण होतं. जुलै २०२५ मध्ये मीरतच्या लष्करी केंद्राला ती मान्यता मिळाली आणि एक दार किलकिलं झालं.

पण घोडा विमानात चढण्याच्या आधीचा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे रायडिंग स्कूलमधले बरेच घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. देखणे, शूर, संवेदनशील, पण त्यांना आयुष्यभर एकच गोष्ट शिकवलेली असते: पुढे पळ. त्यांना विचारण्याची दुसरी भाषा शिकवायला निवांत वर्षं आणि जाणती माणसं लागतात. तोवर शिकाऊ मुलाला नेमकं उत्तर देणारा घोडा भेटतच नाही, आणि उत्तर न देणाऱ्या घोड्यावर विचारायला शिकणं जवळजवळ अशक्य आहे.

ओमाचे तास आता दिवसाला एकावर आणले आहेत, तोही अर्ध्या तासाचा. तिच्या जागी ट्रेनरनं सात वर्षांचा एक घोडा निवडला आहे. उमेदवार मुलगी रोज दुपारी त्याच्यावर काम करते. त्याच्या पाठीवर नवख्या माणसाला बसवता यायला अजून चार-पाच वर्षं जातील असा ट्रेनरचा अंदाज आहे, आणि तोपर्यंत त्याचा चारा, नाल आणि डॉक्टर यांचा खर्च पागेला करायचाच आहे.