ऊर्जा सांख्यिकी, बारामती व इंदापूर येथील

ऊर्जेचे उत्पादन, रूपांतर, वहन, वापर व किंमत यांविषयीच्या संख्यात्मक माहितीचे संकलन, वर्गीकरण आणि विवेचन करणाऱ्या शाखेस ऊर्जा सांख्यिकी म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर हे तालुके या शाखेच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहेत. कालव्याखालील बागायत, पर्जन्यछायेतील जिरायत, विहिरींवरील व नदीकाठचे विद्युत् पंप, साखर कारखाने आणि औद्योगिक वसाहत ही सर्व येथे लहान क्षेत्रात एकत्र आढळतात. राष्ट्रीय आकडेवारीतील कोणता भाग प्रत्यक्ष मोजलेला असतो व कोणता अनुमानाने ठरविलेला असतो, हे येथे स्पष्टपणे दिसून येते.

एकके व राष्ट्रीय नोंदी : विजेच्या व्यवहारात किलोवॉट-तास हे एकक वापरतात, यालाच नेहमीच्या बोलण्यात ‘युनिट’ म्हणतात. एक किलोवॉट-तास म्हणजे ३६ लक्ष जूल किंवा सुमारे ८६० किलोकॅलरी. कोळसा, खनिज तेल, वायू व वीज यांची बेरीज करता यावी म्हणून त्यांचे ‘टन तेल-समतुल्य’ या एककात रूपांतर करतात. एक टन तेल-समतुल्य म्हणजे १ कोटी किलोकॅलरी, अर्थात ११,६३० किलोवॉट-तास.

भारतात केंद्रीय विद्युत् प्राधिकरण विजेची, कोळसा नियंत्रकांचे कार्यालय कोळशाची आणि पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्ष तेल व वायू यांची आकडेवारी गोळा करतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय या सर्वांचा एकत्रित वार्षिक ग्रंथ प्रसिद्ध करते. २०२२-२३ मध्ये सार्वजनिक वीजपुरवठ्यासाठी देशात सुमारे १,६२४ अब्ज युनिट वीज निर्माण झाली. तीत कोळशाचा वाटा सर्वाधिक होता. वीजवापरात शेतीचा हिस्सा स्थूलमानाने सहावा भाग धरला जातो. निर्मितीचा आकडा वीजकेंद्रातील मीटरवरून येतो, तर शेतीच्या वापराचा आकडा बव्हंशी हिशेबाने काढलेला असतो. त्यामुळे एकाच कोष्टकात शेजारी छापलेल्या या दोन आकड्यांची विश्वसनीयता सारखी नसते.

प्रदेश व पाणी : बारामती तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून नीरा नदी वाहते, ती पुढे इंदापूर तालुक्यातील नरसिंहपूर येथे भीमेस मिळते. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला व त्याखालील पट्टा उसाचा प्रदेश बनला. भाटघर व वीर येथील धरणांतून सोडलेल्या पाण्यावर तेथे जलविद्युत् निर्माण होते आणि तेच पाणी पुढे कालव्याने या तालुक्यांत येते. त्या विजेची नोंद मात्र धरणांच्या ठिकाणी होते. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यावर इंदापूर तालुक्याच्या उत्तर भागात त्याचा फुगवटा पसरला. काही गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या व काठावरील शेतकरी पंपांनी पाणी उचलू लागले. याउलट सुपे, मोरगाव या बाजूचा बारामतीचा भाग अवर्षणप्रवण असून तेथे विहिरी, विंधन विहिरी व जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजना यांवर भिस्त आहे.

पाणी उचलण्यास लागणारी ऊर्जा उंचीच्या प्रमाणात वाढते. एक युनिट विजेने, कोणतीही हानी नसल्यास, ३६७ घनमीटर पाणी एक मीटर उंच उचलता येते. पंप, मोटर व नळ यांची एकत्रित कार्यक्षमता ४० टक्के धरल्यास १० मीटर खोलीवरून एका युनिटमध्ये सुमारे १४.७ घनमीटर पाणी मिळते, ३० मीटरवरून ४.९ घनमीटर व ६० मीटरवरून केवळ २.४ घनमीटर. कालव्याच्या पाझरामुळे भरलेली उथळ विहीर आणि जिरायत भागातील खोल विंधन विहीर यांना एकच सरासरी लावणे म्हणूनच योग्य ठरत नाही. कालव्याचे आवर्तन लांबले की लाभक्षेत्रातही पंप अधिक तास चालतात. विहिरीच आटल्या, तर वीज असूनही ते बंद राहतात.

कृषी वापराचे अनुमान : महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली. ग्रामीण विद्युतीकरणाबरोबर कृषिपंपांची संख्या झपाट्याने वाढली. दूरदूरच्या विहिरींवर जाऊन मीटर वाचण्याचा खर्च आणि मीटर नादुरुस्त होण्याचे प्रमाण लक्षात घेऊन पंपाच्या अश्वशक्तीवर ठोक आकारणी करण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यामुळे वसुली सोपी झाली. परंतु वापर मोजण्याचे साधन नाहीसे झाले. विद्युत् अधिनियम, २००३ याच्या कलम ५५ नुसार दोन वर्षांनंतर मीटरविना वीजपुरवठा होऊ नये असे अपेक्षित होते, तरीही राज्यातील कृषिपंपांचा मोठा भाग मीटरविना राहिला. ज्यांना मीटर होते, त्यांतील अनेकांची देयके सरासरीने काढली जात.

मीटर नसता वापर पुढीलप्रमाणे काढतात : जोडभारास वर्षातील चालण्याच्या तासांनी गुणावयाचे. ५ अश्वशक्तीचा पंप म्हणजे ३.७३ किलोवॉट, मोटरची कार्यक्षमता ८० टक्के असल्यास तो वीजवाहिनीतून सुमारे ४.६६ किलोवॉट घेतो. वर्षाला १,००० तास धरल्यास वापर ४,६६० युनिट होतो व १,६०० तास धरल्यास ७,४५६ युनिट. तासांच्या अंदाजात केवळ ३०० तासांचा फरक पडला, तरी अशा दहा हजार पंपांमागे सुमारे १ कोटी ४० लक्ष युनिटांचा फरक पडतो.

जोडभाराचा आकडाही निश्चित नसतो. काही ठिकाणी मंजूर भारापेक्षा मोठ्या मोटरी बसविलेल्या असतात. अन्यत्र विहीर कोरडी पडून पंप काढून नेला, तरी नोंद व थकबाकी दोन्ही चालू राहतात. प्रत्यक्षाहून अधिक अश्वशक्तीची आकारणी झाल्याच्या तक्रारीही राज्यात वेळोवेळी पुढे आल्या आहेत.

हानी व वापर यांचा परस्परसंबंध : एखाद्या वाहिनीत जितकी वीज सोडली, तिच्यातून मोजलेली विक्री वजा केली असता जी उरते, ती न मोजलेला कृषी वापर व वितरण हानी यांत वाटली जाते. समजा, एका वाहिनीत वर्षाला १० लक्ष युनिट वीज गेली व घरे, दुकाने, गिरण्या यांच्या मीटरवर २ लक्ष युनिटांची नोंद झाली. उरलेल्या ८ लक्ष युनिटांपैकी ६.५ लक्ष शेतीच्या नावे दाखविल्यास हानी १५ टक्के ठरते. ५ लक्ष दाखविल्यास तीच ३० टक्के होते. तारेतून गेलेल्या विजेत काहीच बदल झालेला नसतो. मात्र पहिल्या हिशेबात शेतकरी अधिक वीज वापरणारा व पुरवठादार कार्यक्षम दिसतो. दुसऱ्यात तारांतील गळती, चोरी व व्यवस्थापनातील उणिवा उघड होतात.

राज्यात हा प्रश्न दोनदा ठळकपणे पुढे आला. १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोग अस्तित्वात येण्यापूर्वी मंडळाची पारेषण व वितरण हानी १८ टक्क्यांच्या आसपास दाखविली जात असे. आयोगाच्या छाननीनंतर ती ३० टक्क्यांहून अधिक असल्याचे मान्य झाले. शेतीच्या नावे नोंदलेल्या विजेचा मोठा हिस्सा प्रत्यक्षात हानी होता. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. पुढे आयोगाने कृषी वापराच्या अभ्यासासाठी कार्यगट नेमला आणि २०२० च्या बहुवर्षीय दरादेशात कंपनीने दाखविलेला कृषी वापर कमी करून धरला. परिणामी हानीचा आकडा त्या प्रमाणात वाढला.

तालुक्याचे आकडे वाचताना आणखी एक दक्षता आवश्यक आहे. महावितरणचे बारामती परिमंडळ सातारा व सोलापूर या जिल्ह्यांतही पसरलेले आहे. त्यामुळे ‘बारामती’ या नावाखाली दिलेला वापर किंवा थकबाकी बारामती तालुक्याची असतेच असे नाही.

उसापासून मिळणारी ऊर्जा : माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इ. ठिकाणचे सहकारी साखर कारखाने या प्रदेशातील मोठे ऊर्जा-उत्पादकही आहेत. एक टन उसापासून सु. २८० किग्रॅ. ओले चिपाड (बगॅस) मिळते. त्याचे उष्णतामूल्य दर किग्रॅ.स २,२५० किलोकॅलरी धरल्यास टनामागे ६.३ लक्ष किलोकॅलरी, म्हणजे ०.०६३ टन तेल-समतुल्य ऊर्जा उपलब्ध होते. हंगामात १० लक्ष टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात याप्रमाणे ६३,००० टन तेल-समतुल्य इंधन जळते. यातील बहुतेक ऊर्जा वाफेच्या रूपाने रस आटविण्यास व चरक फिरविण्यास खर्च होते. सहवीजनिर्मिती प्रकल्पातून विद्युत् जालकास विकलेली वीजच मीटरवर येते. परिणामतः वीजविक्रीवरून काढलेल्या कोष्टकात या प्रदेशाचे ऊर्जा-उत्पादन प्रत्यक्षाहून पुष्कळच कमी दिसते. ही निर्मिती गाळप हंगामापुरती असते, तर पंपांची मागणी उन्हाळ्यात तीव्र होते. वार्षिक बेरजेत ही तफावत लपते.

मळी व उसाचा रस यांपासून बनणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात. एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१ मेगॅजूल, तर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगॅजूल ऊर्जा असते. म्हणून लिटरमधील मिश्रणाची टक्केवारी हीच ऊर्जेतील टक्केवारी समजणे चुकीचे होय.

किंमत : विजेचे दर नियामक आयोग ग्राहकवर्गानुसार ठरवितो. शेतीचा दर पुरवठ्याच्या सरासरी खर्चापेक्षा कमी ठेवला जातो. ती तूट उद्योग व व्यापारी ग्राहकांवरील वाढीव दर आणि राज्य शासनाचे अनुदान यांतून भरली जाते. अधिनियमाच्या कलम ६५ नुसार शासनास अनुदानाची रक्कम आगाऊ द्यावी लागते. ती न मोजलेल्या युनिटांवर अवलंबून असल्याने अनुमानातील चूक थेट राज्याच्या तिजोरीत व बारामतीच्या औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यांच्या देयकांत उतरते.

शेतकऱ्यास पडणारी किंमतही देयकापुरती नसते. पाळीने, बहुधा रात्री मिळणारा तीन फेजचा पुरवठा, कमी दाबामुळे जळणारी मोटर, ती पुन्हा गुंडाळून घेण्याचा खर्च, रोहित्र बदलून मिळेपर्यंत वाळणारे पीक आणि अंधारात पाणी देताना होणारे सर्पदंश व विजेचे अपघात हे सर्व विजेचेच मोल होय. किमतीच्या कोणत्याही राष्ट्रीय कोष्टकात त्याचा समावेश होत नाही. पुन्हा गुंडाळलेल्या मोटरीची कार्यक्षमता बहुधा घटते, त्यामुळे तेवढ्याच पाण्यास अधिक वीज लागते.

अलीकडील बदल : गावठाण व शेती यांच्या वाहिन्या वेगळ्या केल्याने कृषी वाहिनीच्या प्रारंभी बसविलेल्या मीटरवरून वापराचा अधिक विश्वसनीय अंदाज करता येतो. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिच्यातील सौर केंद्रांची निर्मिती मोजली जाते. स्वतंत्र सौर पंपांची ऊर्जा मात्र देयकांच्या नोंदीबाहेर राहते. एप्रिल २०२४ पासून राज्यात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज देण्याची योजना लागू झाली. तिचे लाभार्थी ४४ लाखांहून अधिक आहेत. देयक शून्य झाल्यावर चुकीच्या नोंदीविरुद्ध तक्रार करण्याचे शेतकऱ्यास कारण उरत नाही, तर शासनास द्यावयाची रक्कम त्याच नोंदींवर ठरते. म्हणून मोफत पुरवठ्याच्या काळात मोजणीचे महत्त्व कमी न होता वाढते. वाहिनी व रोहित्र यांवरील मीटरांची नियमित वाचने, पंपांची प्रत्यक्ष गणना आणि पाण्याच्या खोलीनुसार नमुना पाहणी यांची सांगड घातल्यासच अशा प्रदेशाच्या ऊर्जा सांख्यिकीस भक्कम आधार मिळू शकेल.