ऊस वाहतूक, रस्त्यावरील अपघात आणि विम्याचे कागद

दिवाळी सरते, थंडी पडू लागते आणि साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील रस्त्यांचे रूप त्यानंतर चार-पाच महिने पालटून जाते. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि मोळ्यांनी लादलेल्या टायरगाड्या रात्रंदिवस कारखान्याच्या वाटेला लागलेल्या असतात. वर्षभर राबून वाढविलेला ऊस काट्यावर पोहोचविण्याचा हा शेवटचा टप्पा होय. परंतु लागण, खत व पाणी यांविषयी शेतकरी बंधू जितक्या बारकाईने विचार करतात, तितका विचार या टप्प्याविषयी होताना दिसत नाही.

ऊस पट्ट्यातील प्रत्येक गावास परिचित असलेला एक प्रसंग घेऊ. रात्री नऊच्या सुमारास भरलेल्या ट्रॉलीचा आस मोडतो. चालक चाकांना दगडांची उटी लावतो, ट्रॅक्टर सोडवून मिस्त्री आणावयास निघून जातो आणि ट्रॉली अर्ध्या रस्त्यात अंधारात उभी राहते. तिला मागे दिवा नाही. असलाच तर लोंबणाऱ्या वाढ्यांनी तो झाकून गेलेला आहे. तालुक्याहून परतणारा एखादा तरुण मोटारसायकलीवर त्याच रस्त्याने येत असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. समोर काही आहे हे मनास उमगून हात ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद संपलेला असतो. काळपट उसाचा ढीग डोळ्यांस दिसेल तेव्हा ब्रेक लावण्यास जागा उरत नाही. दुसऱ्या दिवशी दोन घरांत आकांत होतो. एका घरातील मुलगा गेलेला असतो आणि दुसऱ्या घरावर पोलीस ठाणे, न्यायालय व भरपाई यांचे ओझे आलेले असते.

हे टाळण्याचा उपाय फारसा खर्चाचा नाही. वाहनांच्या दिव्यांत चमकणारी परावर्तक पट्टी ट्रॉलीच्या मागील बाजूस लाल, पुढे पांढरी व दोन्ही अंगांस पिवळी लावावी. अशी पट्टी स्वच्छ असल्यास शंभर मीटरांहूनही दुरून दिसते. मात्र चिखलाने माखलेली पट्टी नसल्यासारखीच असते. म्हणून प्रत्येक खेपेस ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. मोळ्या रचताना उसाची टोके दिव्यावर येऊ देऊ नयेत. बैलगाडीस मागे लाल पट्टी, जुवाला व शिंगांना चमकणारे पट्टे बांधावेत. वाहन बंद पडलेच तर मागे पुरेशा अंतरावर लाल त्रिकोण अथवा दिवा ठेवावा आणि एक माणूस तेथे थांबवावा. वाहन हलविल्यावर उटीचे दगड रस्त्यातच सोडून जाण्याची खोड फार वाईट आहे. ट्रॉली गेली तरी तो दगड पुढच्या दुचाकीस्वाराची वाट पाहत राहतो.

ट्रॅक्टरच्या ब्रेकची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. शेतात वळण घेण्यास सोयीचे व्हावे म्हणून डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक निरनिराळे ठेवलेले असतात. डांबरी रस्त्यावर येताच दोन्ही पायट्या जोडणारी खिट्टी लावावयास हवी. ती न लावता वेगात एकच पायटी दाबली गेली तर ट्रॅक्टर एका अंगास ओढला जातो व उलटतो. उतारावर गियर काढून, डिझेल वाचविण्यासाठी वाहन मोकळे सोडण्याची सवय तर जीवघेणी होय, कारण भरलेली ट्रॉली मागून ट्रॅक्टरला रेटते. ट्रॉली जोडण्याच्या खिळीस कडी घातलेली आहे हे निघण्यापूर्वी हाताने चाचपून पाहावे. आणि मोठ्या आवाजात गाणी लावून ट्रॅक्टर हाकणाऱ्या तरुण चालकांस मागून येणाऱ्या वाहनाचा कर्णा कसा ऐकू यावा, याचा विचार मालकांनीच करावयाचा आहे.

आता विम्याविषयी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १४६ अन्वये रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाचा निदान त्रयस्थ पक्षाचा विमा असणे बंधनकारक आहे. ट्रॅक्टर त्यास अपवाद नाही. विम्याशिवाय वाहन चालविल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड अथवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण दंड ही किरकोळ बाब झाली. खरा धोका असा की, विमा नसेल तर मृताच्या कुटुंबास द्यावयाची भरपाई मालकाच्या अंगावर येते, आणि ती लाखांच्या घरात असते.

विमा उतरविला म्हणजे सर्व काही झाले असेही नाही. विमापत्रावर वाहनाचा उपयोग लिहिलेला असतो. ‘शेतीकामासाठी’ अशी नोंद असलेला ट्रॅक्टर भाड्याने दुसऱ्याचा माल वाहत असताना अपघात झाल्यास कंपनी हरकत घेऊ शकते. ट्रॉलीची नोंद विमापत्रात आहे किंवा नाही, हेही पाहावे. उसाच्या मोळ्यांवर बसून फडातील मजूर, बाया व मुले प्रवास करतात. साध्या विमापत्रात त्यांना संरक्षण नसते. वीटभट्टीसाठी माती नेणाऱ्या ट्रॉलीवरून पडलेल्या मजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली, ट्रॅक्टर शेतीकामासाठीच विमा उतरविलेला असल्याने कंपनी जबाबदार नाही असे ठरविले. मजुराची गरिबी ध्यानात घेऊन रक्कम कंपनीने आधी द्यावी, असे न्यायालयाने सांगितले; पण ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीस ठेवली.

म्हणून विमा घेताना स्वस्त हप्त्याकडेच न पाहता विमापत्र वाचून घ्यावे. विमा प्रतिनिधी कंपनीच्या वतीने काम करतो, तर विमा दलाल ग्राहकाच्या वतीने निरनिराळ्या कंपन्यांची विमापत्रे तुलना करून देतो. दोघांनाही भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या नियमांनुसार काम करावे लागते. व्यवहारापूर्वी परवाना अथवा नेमणुकीचा दाखला मागण्यात कसलाही संकोच बाळगू नये. हप्ता रोख देऊन साध्या चिठ्ठीवर समाधान मानणे म्हणजे पैसे विहिरीत टाकणे होय.

अपघात घडल्यास जखमीस प्रथम १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्णालयात पोहोचवावे. मदत करणाऱ्या माणसास कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा ‘आपल्यामागे पोलिसांचा ससेमिरा नको’ म्हणून बाजूने निघून जाऊ नये. २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार मोटार अपघातातील जखमीस नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख न भरता उपचार मिळतात. अपघाताची वर्दी चालकाने २४ तासांच्या आत पोलीस ठाण्यात द्यावी व विमा कंपनीसही विनाविलंब कळवावे. न्यायाधिकरणाकडील दावा सहा महिने उलटण्यापूर्वी दाखल करावा. धडक देणारे वाहन पळून गेले व सापडलेच नाही, तरी मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळण्याची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून आहे. त्यासाठीचा अर्ज उपविभागीय अधिकारी अथवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो.

शेतकरी कुटुंबासाठी याखेरीज गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पूर्वी विमा कंपनीमार्फत चालणारी ही योजना २०२३ पासून शासन स्वतः राबविते. त्यामुळे हप्ता भरावा लागत नाही. १० ते ७५ वर्षे वयाचा वहितीधारक खातेदार व त्याच्या कुटुंबातील, नावे जमीन नसलेली एक व्यक्ती यांना ती लागू आहे. अपघाती मृत्यू झाल्यास, तसेच दोन डोळे वा दोन अवयव गमावल्यास २ लाख, आणि एक डोळा अथवा एक अवयव गमावल्यास १ लाख रुपये मिळतात. मद्यपान करून वाहन चालविताना झालेला अपघात यात बसत नाही. मृत व्यक्ती स्वतः वाहन चालवीत असेल तर तिचा वैध परवाना लागतो. कित्येक प्रस्ताव याच एका कागदापाशी अडतात.

प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत जावयास हवा. दुःखात बुडालेल्या घराला महिन्याचे भान कोठून असणार? येथे गावातील कृषी कर्मचाऱ्याने स्वतः त्या घरी जावे. सातबारा, वारसांचा गाव नमुना ६-क, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, प्रथम माहिती अहवाल, पंचनामा व शवविच्छेदन अहवाल ही कागदपत्रे गोळा करण्यास वारसांना हात द्यावा. पंचनाम्यात नाव, वय व अपघाताचे कारण बरोबर उतरले आहे हे त्याच वेळी पाहावे, कारण मागाहून दुरुस्ती करून घेताना वारसाची दमछाक होते.

ऊसतोड मजुरांपैकी ज्यांच्या नावे जमीन नाही, त्यांना प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा आधार घेता येतो. वर्षास २० रुपये हप्ता बँक खात्यातून वळता होतो आणि १८ ते ७० वर्षांच्या खातेदारास अपघाती मृत्यूबद्दल २ लाखांचे संरक्षण मिळते. विम्याचे वर्ष १ जूनपासून धरले जाते. मे अखेरीस खात्यात वीस रुपयेही शिल्लक नसले तर विमा खंडित होतो, आणि ही गोष्ट फडावर कोणाच्या गावीही नसते. टोळी गावी परतली की मे महिन्यातच तिची खाती तपासून घेण्याचे काम कर्मचाऱ्याने हाती घ्यावे.

गाडीच्या बैलांचा विमा असेल तर त्यांच्या कानातील बिल्ला हीच त्यांची ओळख होय. बिल्ला पडल्यास कंपनीस ताबडतोब कळवून नवा मारून घ्यावा. बैल रस्त्यात दगावल्यास बिल्ल्यासह छायाचित्र काढावे आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी शवविच्छेदन केल्यावाचून त्यास पुरू नये.

दावा नाकारला गेला तर कंपनीकडून कारण लेखी घ्यावे व तिच्याकडेच प्रथम लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत. तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही द्यावा लागत नाही. अर्ज मराठीत, साध्या कागदावर लिहून विमापत्राची प्रत व नकाराचे पत्र जोडावे.