बंदूक कुणाची, मलमपट्टी कुणाची?

‘बॅटलफील्ड ३’ या २०११ सालच्या गेममध्ये ‘ऑपरेशन मेट्रो’ नावाचा एक नकाशा आहे. लढाई पॅरिसमधल्या भुयारी रेल्वे स्टेशनात. कॉम्प्युटरवर खेळताना दोन्ही बाजूंना ३२-३२ खेळाडू, आणि एवढ्यांना पुढं सरकायला मोजके जिने आणि अरुंद बोळ. एका जिन्यावर दहा-बारा जण एकावर एक पडतात, मागून तितकेच धावून येतात आणि तेही पडतात. इथं अचूक नेमबाजांची फौज हमखास जिंकते असं मुळीच नाही. पडलेल्यांना भराभर उठवणारे मेडिक ज्यांच्याकडं जास्त, ते इंचाइंचानं पुढं सरकतात.

त्यामागं साधा हिशेब आहे. ‘कॉन्क्वेस्ट’ या प्रकारात दोन्ही बाजूंना ठरावीक ‘तिकिटं’ मिळतात. मेलेला खेळाडू नव्यानं मैदानात उतरला की एक तिकीट वजा. नकाशावरचे निम्म्याहून जास्त झेंडे शत्रूच्या ताब्यात गेले तर आपली तिकिटं आपोआप गळायला लागतात. तिकिटं संपली की खेळ खलास. पण मेडिकनं वेळेत गाठून जिवंत केलं तर ते तिकीट वाचतं. वर ‘बॅटलफील्ड ३’मध्ये शत्रूला मारण्याचे १०० गुण आणि साथीदाराला उठवण्याचेही १००च. मारणारा आणि तारणारा यांना एकाच मापानं मोजणारे युद्धाचे खेळ त्या काळी फार नव्हते.

स्टॉकहोममधल्या ‘डाइस’ कंपनीनं २००२मध्ये ‘बॅटलफील्ड १९४२’ काढला, तेव्हा त्यात पाच क्लास, म्हणजे सैनिकांचे प्रकार, होते: स्काउट, अ‍ॅसॉल्ट, मेडिक, अँटी-टँक आणि इंजिनिअर. क्लासची कल्पना काही त्यांची नव्हे. १९९६मध्ये ‘क्वेक’वर हौशी मंडळींनी रचलेल्या ‘टीम फोर्ट्रेस’मध्येच ती मुरली होती. ‘बॅटलफील्ड २’नं २००५मध्ये क्लास सातावर नेले, मेडिकच्या हाती विजेचा झटका देणारं यंत्र दिलं आणि खेळाडूंना छोट्या स्क्वाडमध्ये बांधलं. पुढं संख्या आटत चारवर स्थिरावली. अ‍ॅसॉल्ट, इंजिनिअर, सपोर्ट, रेकॉन ही चौकडी आज ही मालिका खेळणाऱ्याला पाठ असते; ‘बॅटलफील्ड ३’मध्ये मेडिकचं काम अ‍ॅसॉल्टकडंच होतं.

नवखा खेळाडू क्लास निवडतो तो बंदूक बघून. साहजिक आहे. पण या चारही सैनिकांची खरी ओळख त्यांच्याकडं काय नाही, यातून होते. रणगाडा समोर आला की रेकॉनवाल्याची लांब पल्ल्याची रायफल काठीच्या लायकीची. सपोर्टवाल्याकडं गोळ्यांचा डोंगर, पण ती जड मशीनगन घेऊन धावता धावता नेम धरणं कठीण. इंजिनिअरकडं रॉकेटं आहेत, पण ती संपली की ‘अ‍ॅमो टाक रे’ म्हणत सपोर्टवाल्याच्या मागं फिरायचं. ही उणीव मुद्दाम ठेवलेली असते. प्रत्येकाला काहीतरी कमी पडलं, तरच अनोळखी माणसं एकमेकांच्या आसपास राहतात. ज्यांचा आवाजही ऐकलेला नाही अशा ३२ जणांना एकत्र लढायला लावण्याची याहून चांगली युक्ती मला तरी दिसलेली नाही.

म्हणून निवड करण्याआधी नकाशा बघायचा. ‘मेट्रो’च्या भुयारात रणगाडा येणारच नाही, तिथं इंजिनिअरांची गर्दी करून उपयोग काय? त्याच गेममधल्या ‘कॅस्पियन बॉर्डर’ या उघड्या रानात मात्र रणगाडे, हेलिकॉप्टरं, जेट विमानं सगळंच येतं. तिथं दोघं-तिघं तरी इंजिनिअर नसतील तर बाकीच्यांची शौर्यगाथा पाच मिनिटांत संपते. रॉकेट रणगाड्याच्या तोंडावर मारू नये. पुढचं चिलखत जाड असतं, पाठ नाजूक. थोडा वळसा घालून मागं गेलं की तेच रॉकेट कितीतरी जास्त नुकसान करतं. आणि आपलाच रणगाडा धूर ओकत असेल, तर त्याच्या आडोशाला बसून वेल्डिंगसारख्या टॉर्चनं तो दुरुस्त करत राहणं हे रॉकेट मारण्याइतकंच मोलाचं काम.

मेडिकचं कसब सगळ्यांत कमी दिसतं. पडलेला साथीदार दिसताच धावत सुटणारा मेडिक पुढच्या क्षणी त्याच्याच शेजारी पडतो, कारण ज्या गोळीनं तो पडला ती झाडणारा अजून तिथंच टपून असतो. जाणता मेडिक आधी धुराचा बॉम्ब टाकतो, कोपऱ्याकडं बघतो, मग जातो. ‘बॅटलफील्ड ४’मध्ये झटका देणारं यंत्र पूर्ण चार्ज करून लावलं तर साथीदार धडधाकट उठायचा. घाईत नुसतं टेकवलं तर उठायचा तो अर्धमेला, आणि लगेच पुन्हा मरायचा. (जिनिव्हा करारांनुसार वैद्यकीय सैनिकावर हल्ला करायचा नसतो. गेममध्ये सगळ्यात आधी त्यालाच टिपतात. ज्याला उठवता येतं त्याला आधी पाडा, एवढी अक्कल दोन्ही बाजूंना असते.)

रेकॉनबद्दल मात्र माझं मत जरा कडू आहे. टेकडीवर आडवं पडून अर्धा तास दुर्बिणीतून बघणारे आणि झेंड्याजवळ न फिरकणारे डझनभर स्नायपर ही या खेळाची जुनी व्याधी. ‘बॅटलफील्ड ३’नं त्यांच्या मोठ्या दुर्बिणीची काच उन्हात चमकवून त्यांचा ठावठिकाणा फोडला, ते बरंच झालं. खरा रेकॉन वेगळाच. तो शत्रूच्या पिछाडीला रेडिओ बीकन लपवतो, आणि त्याचा अख्खा स्क्वाड तिथून उतरतो. हालचाल टिपणारा सेन्सर ठेवतो, मग नकाशावर शत्रूचे ठिपके सगळ्यांना दिसतात. त्यानं लेझर रोखायचा, इंजिनिअरनं जॅव्हलिन क्षेपणास्त्र सोडायचं आणि हेलिकॉप्टर खाली आणायचं. ही जोडी जमली की बघत राहावं असं दृश्य असतं.

डाइसनं माणसाचा स्वार्थही ओळखला होता. ‘बॅटलफील्ड ३’ आणि ‘४’मध्ये सगळ्यांना हवी असलेली अ‍ॅसॉल्ट रायफल आणि औषधपेटी एकाच क्लासला दिली. उत्तम बंदूक पाहिजे ना, मग डॉक्टरकीही घ्या. पण ‘३’मध्ये औषधपेटीच्या जागी ग्रेनेड लाँचर लावायची मुभाही ठेवली, आणि मग पुष्कळांनी डॉक्टरकी केव्हाच सोडली.

२०२१मध्ये या रचनेलाच हात घातला गेला. ‘बॅटलफील्ड २०४२’मध्ये मोठ्या नकाशांवर १२८ खेळाडू आले आणि क्लास गेले. त्यांच्या जागी नाव-गाव असलेले दहा ‘स्पेशालिस्ट’, आणि कुणीही कुठलीही बंदूक, कुठलंही साधन घ्यावं अशी मोकळीक. प्रत्येकानं रॉकेट नाहीतर स्वतःपुरतं चिलखत उचललं. सगळेच पंगतीला बसले आणि वाढायला कुणी नाही, अशी गत झाली. शिवाय दोन्ही बाजूंना तेच चेहरे, त्यामुळं समोरचा आपला की परका हेही पटकन कळेना. खेळाडूंनी इतकी आरडाओरड केली की जानेवारी २०२३मध्ये क्लास परत आणावे लागले.

आपल्याकडं मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्या पोरांना हे सगळं जरा परकं वाटेल. तिथं क्लास नाहीत. कुणी ‘नॉक’ झाला की स्क्वाडमधला कुणीही त्याला उठवतो आणि मलमपट्टी ज्याची त्यानं बाळगायची. ‘कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल’च्या बॅटल रॉयलमध्ये उडी मारण्याआधी मेडिक, स्काउट वगैरे निवडावं लागायचं, त्यातून कल्पना येईल.

ऑक्टोबर २०२५मधला ‘बॅटलफील्ड ६’ पुन्हा चौकडीवर आलाय, पण पानं नव्यानं पिसून. आता गोळ्याही सपोर्टवालाच देतो आणि झटक्याचं यंत्रही त्याच्याकडंच. स्क्वाडमधल्या पडलेल्या साथीदाराला कुणीही ओढत आडोशाला नेऊन उठवू शकतं, फक्त सपोर्टवाला ते जास्त चपळाईनं करतो. नवख्यानं त्याच्यापासूनच सुरुवात करावी. नेम कच्चा असला तरी गोळ्या आणि झटके वाटून तो गुणतक्त्यात वर राहतो. वाद उरलाय तो बंदुकांचा. एका प्रकारात कुठल्याही क्लासला कुठलीही बंदूक घेता येते, दुसऱ्यात ज्याची त्यालाच. मी दुसरा निवडतो. स्नायपर रायफल घेतलेला सपोर्टवाला एकदा का टेकडीवर जाऊन बसला, की त्याच्या झोळीतल्या गोळ्या खाली झेंड्यापाशी लढणाऱ्यांपर्यंत पोचणार कशा?