यादी कोण करतो, तेही पाहा!

दरवर्षी एप्रिल महिना आला की अमेरिकेतील घराघरांत, कारखान्यांच्या उपाहारगृहांत, केशकर्तनालयांत आणि रेडिओवर एकाच विषयाचा खल सुरू होतो. आपल्या संघाने यंदा कॉलेजातला कोणता मुलगा घ्यावा? बाप म्हणतो, चेंडू फेकणारा घ्या. मुलगा म्हणतो, धावणारा घ्या. शेजारी म्हणतो, दोघांनाही राहू द्या, आधी अडवणारा धिप्पाड गडी आणा! ज्या मुलांविषयी हा वाद चालतो ती बहुधा वीस-बावीस वर्षांची असतात, आणि या शौकिनांपैकी बहुतेकांनी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलेलेही नसते. तरीही वाद असा पेटतो की जणू घरात सून आणायची आहे!

हा फुटबॉल आपल्याकडे पायाने खेळतात तो नव्हे. अंडाकृती चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, एका वेळी प्रत्येक बाजूचे अकरा गडी आणि इंचाइंचासाठी चाललेली झटापट, असा हा अमेरिकन फुटबॉल. त्याच्या व्यावसायिक संघटनेचे नाव नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजेच एनएफएल. तिच्यात आज ३२ संघ आहेत, आणि नवे खेळाडू प्रामुख्याने कॉलेजांतून येतात. ते कोणी कोणाला घ्यायचे हे ठरवणाऱ्या वार्षिक सोहळ्याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. वरवर पाहता ही करमणुकीची गोष्ट. परंतु तिच्या पोटात शिरले की गुणवत्ता म्हणजे काय आणि ती ठरवतो कोण, हा मोठा प्रश्न समोर उभा राहतो.

दुबळ्याला पहिला मान

क्रिकेटच्या लिलावात ज्याच्या थैलीत पैसा त्याची बोली मोठी. ड्राफ्टचा नियम वेगळा आहे. मागच्या हंगामात जो संघ सर्वांत तळाला राहिला, त्याला पहिली निवड मिळते. विजेत्याचा क्रमांक फेरीत शेवटी येतो. संघांना आपापसात हे क्रमांक बदलून घेता येतात, पण मूळ नियम हाच. अशा सात फेऱ्या तीन दिवस चालतात. २०२५ साली ग्रीन बे या छोट्या शहरात हा सोहळा झाला, तेव्हा एकूण २५७ तरुणांची निवड झाली.

ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांची. त्यांचा संघ सारखा हरत होता आणि श्रीमंत संघ चांगले खेळाडू पळवीत होते. बेल यांनी १९३५ मध्ये सूचना मांडली, इतर मालकांनी ती मान्य केली आणि ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. फळ्यावर सुमारे ९० नावे लिहिली होती. नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत ८१ जणांना निवडले. गंमत अशी की सर्वांत प्रथम निवडलेला जे बर्वांगर हा एनएफएलचा एकही सामना खेळला नाही! त्या काळी या खेळात पैसा बेताचाच होता. त्याने दुसरा व्यवसाय पत्करला.

भांडवलदारांच्या देशात दुबळ्याला पहिला मान देणारा नियम असावा, याचे कौतुक वाटते. मात्र हिशेब नीट तपासला पाहिजे. हा न्याय संघमालकांनी एकमेकांना दिलेला होता. खेळाडूला आपला संघ निवडण्याची मुभा त्यात नव्हती, आजही नाही. ज्याने नाव पुकारले त्याच्याकडे जायचे.

रेडिओने पेटवलेली आग

हा सोहळा १९८० सालापासून दूरदर्शन वाहिनीवर दिसू लागला आणि शौकिनांच्या वादाला ऊत आला. २०२४ मध्ये डेट्रॉइट शहरात तीन दिवसांत मिळून पावणेआठ लाखांवर उपस्थिती नोंदली गेली. तिथे एकही सामना नव्हता. लोक फक्त नावे ऐकायला जमले होते!

शौकिनांच्या वादाचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९९९ सालचे. फिलाडेल्फिया ईगल्सने आधीच्या हंगामात १६ पैकी १३ सामने गमावले होते, म्हणून त्यांना दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली. शहरातील शौकिनांना टेक्सास विद्यापीठाचा रिकी विल्यम्स हवा होता. चेंडू घेऊन मुसंडी मारणारा हा गडी १९९८ चा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला होता. स्थानिक क्रीडा रेडिओने त्याच्यासाठी मोहीमच उघडली. शहराचे महापौर एड रेंडेल यांनीही त्याच्याच बाजूने कौल दिला. रेडिओवाल्यांनी सुमारे तीस कट्टर शौकिनांना बसमध्ये घालून न्यूयॉर्कच्या सभागृहात नेले. परंतु नवे प्रशिक्षक अँडी रीड यांच्या मनात सिराक्यूज विद्यापीठाचा डोनोव्हन मॅकनॅब होता. मॅकनॅब हा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव रचणारा, चेंडू फेकणारा, मैदानावरचा सेनापती. त्याचे नाव पुकारताच त्या तीस जणांनी हुर्यो उडवली. आयुष्यातील सर्वांत आनंदाच्या क्षणी त्या मुलाच्या कानांवर आपल्याच संघाच्या चाहत्यांचा धिक्कार पडला!

पुढे काय झाले? मॅकनॅबने ईगल्सला पाच वेळा आपल्या गटाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले आणि २००५ च्या फेब्रुवारीत ‘सुपर बोल’ या महाअंतिम सामन्यात उतरवले. तो सामना ते हरले. तरी २०१३ मध्ये संघाने त्याचा पाच क्रमांकाचा सदरा कायमचा राखून ठेवला. विल्यम्सही वाईट निघाला नाही, पण सेनापतीची जागा त्याने भरून काढली नसती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मॅकनॅब कृष्णवर्णीय आणि विल्यम्सही कृष्णवर्णीय. म्हणजे त्या दिवसाचा धिक्कार वर्णाचा नव्हता, उतावळेपणाचा होता. पण वर्णाचा प्रश्न दूर नव्हता. २००३ मध्ये रश लिम्बॉ या गोऱ्या रेडिओ वक्त्याने क्रीडावाहिनीवर सांगितले की मॅकनॅबची उगाच स्तुती होते, कारण कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक यशस्वी व्हावा अशी पत्रकारांची इच्छा आहे. गदारोळ झाला आणि काही दिवसांतच लिम्बॉला त्या कार्यक्रमातून बाहेर पडावे लागले. गटाच्या अंतिम सामन्यापर्यंत संघाला नेऊनही मॅकनॅबला आपली लायकी पुन्हा सिद्ध करायची होती!

फळ्यावर न लिहिलेली नावे

शौकिनांचा वाद यादीतील नावांवर होतो. पण जे नाव यादीतच नाही, त्याच्यासाठी भांडणार कोण?

१९३४ ते १९४५ या बारा वर्षांत एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम कुठेही नव्हता. मालकांनी आपसात समजून घेतले होते, एवढेच. केनी वॉशिंग्टन हा लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा खेळाडू १९३९ च्या हंगामात देशातील अव्वल खेळाडूंत गणला जात होता. त्याच वर्षअखेरच्या ड्राफ्टमध्ये एकाही संघाने त्याचे नाव घेतले नाही. तो छोट्या प्रादेशिक लीगमध्ये खेळत राहिला आणि त्याचे गुडघे झिजत राहिले.

दार उघडले ते १९४६ मध्ये. क्लीव्हलँडचा रॅम्स संघ लॉस एंजलिसला आला आणि त्याला तेथील कोलिझियम मैदान हवे होते. हे मैदान सार्वजनिक होते. कृष्णवर्णीय पत्रकारांनी, विशेषतः हॅली हार्डिंग यांनी, मैदान समितीपुढे रोखठोक सवाल केला: करदात्यांच्या पैशाने बांधलेल्या मैदानावर वर्णभेद करणारा संघ कसा खेळू शकतो? रॅम्सने केनी वॉशिंग्टनला करारबद्ध केले. पण तोवर उमेदीची वर्षे निघून गेली होती. तो तीनच हंगाम खेळला.

ड्राफ्टमध्ये कृष्णवर्णीयाचे नाव प्रथम आले ते १९४९ साली. शिकागो बेअर्सने इंडियाना विद्यापीठाच्या जॉर्ज टालियाफेरो याला निवडले, तेही तेराव्या फेरीत! म्हणजे पहिल्या ड्राफ्टनंतर तब्बल तेरा वर्षांनी. राजधानी वॉशिंग्टनच्या संघाचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल हे तर १९६२ पर्यंत अडून बसले. त्यांचे नवे मैदान सरकारी जमिनीवर होते. केनेडी सरकारचे मंत्री स्ट्युअर्ट यूडॉल यांनी बजावले की भेदभाव चालू राहिला तर मैदान मिळणार नाही. तेव्हा कुठे त्या संघाने ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर एर्नी डेव्हिसचे नाव घेतले आणि त्याला क्लीव्हलँडला देऊन बॉबी मिचेलला आपल्याकडे आणले. दुर्दैवी डेव्हिस एकही व्यावसायिक सामना न खेळता १९६३ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेला. तो अवघा २३ वर्षांचा होता.

एका साप्ताहिकाची वही

आता या कहाणीतील सर्वांत मोलाचा माणूस. त्याचे नाव बिल नन. पिट्सबर्ग कुरिअर या कृष्णवर्णीयांच्या नामवंत साप्ताहिकाचा तो क्रीडा पत्रकार. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत खेळणाऱ्या मुलांकडे मोठी वृत्तपत्रे ढुंकूनही पाहत नसत. नन मात्र त्या गावोगावच्या कॉलेजांत जाई, सामने पाही, प्रशिक्षकांशी बोले आणि दरवर्षी त्या मुलांतून सर्वोत्तम संघ निवडून साप्ताहिकात छापी. वर्षानुवर्षे हे काम त्याने नेटाने केले.

गंमत पाहा! त्याच शहरातील पिट्सबर्ग स्टीलर्स हा संघ सदैव हरणारा, आणि त्याला या वहीचा पत्ता नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मालक घराण्यातील डॅन रूनी यांनी ननला बोलावले आणि खेळाडू हेरण्याच्या कामावर घेतले. मग त्या दुर्लक्षित कॉलेजांतून मेल ब्लाउंट आला, एल. सी. ग्रीनवूड आला. १९७४ मध्ये अलाबामाच्या एका कॉलेजातील जॉन स्टॉलवर्थ आला. त्याच्याविषयी सांगतात की ओल्या मैदानावर तो सर्व पारख्यांसमोर संथ धावला. बाकीचे निघून गेले. नन आजारपणाचे निमित्त करून मागे थांबला आणि कोरड्या जागी त्याला पुन्हा पळवून वेळ घेतली! त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला डॉनी शेल हाही स्टीलर्सकडे आला. स्टीलर्सने सहा हंगामांत चार वेळा सुपर बोल जिंकला. स्टॉलवर्थ आणि शेल दोघेही पुढे या खेळाच्या मानवंदना दालनात पोहोचले. ननला तोच मान २०२१ मध्ये, मृत्यूनंतर सात वर्षांनी मिळाला.

साप्ताहिक छोटे होते, पण त्याच्याकडे जी यादी होती ती कोणत्याही बड्या संघाकडे नव्हती.

डोके कोणाचे, पाय कोणाचे?

यादीत नाव आले म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. पुढचा प्रश्न जागेचा. कृष्णवर्णीय मुलगा वेगवान, चपळ, ताकदवान, हे सर्वांना मान्य. पण डाव रचणारा? तिथे कपाळावर आठ्या! वॉरेन मून याने कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून नाव कमावले, पण एनएफएलच्या पारख्यांना तो दुसऱ्या जागेवर हवा होता. १९७८ च्या ड्राफ्टपूर्वीच त्याने कॅनडाची वाट धरली. त्या ड्राफ्टच्या बारा फेऱ्यांत त्याचे नाव कोणी घेतले नाही. कॅनडात त्याच्या संघाने लागोपाठ पाच अजिंक्यपदे मिळवली. मग १९८४ मध्ये एनएफएलने सन्मानाने बोलावले!

त्याच १९७८ च्या ड्राफ्टमध्ये ग्रॅम्ब्लिंग या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातील डग विल्यम्स पहिल्या फेरीत निवडला गेला. जानेवारी १९८८ मध्ये सुपर बोल जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. कोणत्या संघाकडून? ज्याने सर्वांत शेवटी दार उघडले, त्याच राजधानीच्या संघाकडून!

तरीही २०१८ मध्ये लमार जॅक्सनसारख्या कॉलेजवीराला जागा बदलण्याचा सल्ला जाहीरपणे मिळालाच. तो पहिल्या फेरीत अगदी शेवटी, बत्तिसावा निवडला गेला. दुसऱ्याच हंगामात, २०१९ मध्ये, तो एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये पॅट्रिक माहोम्स आणि जेलन हर्ट्स हे दोन्ही बाजूंचे सेनापती प्रथमच कृष्णवर्णीय होते.

मोजपट्टीवर विश्वास किती ठेवावा?

ड्राफ्टपूर्वी इंडियानापोलिस येथे शेकडो मुलांची मोजणी होते. उंची, वजन, पंजाची लांबी, ४० यार्डांची धाव, सारे काही. बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची बुद्धिमापन चाचणीही अनेक वर्षे घेत. ती २०२२ पासून बंद झाली. एवढे मोजूनही टॉम ब्रेडी हा गोरा मुलगा २००० साली १९९ वा निवडला गेला, आणि त्याने सात सुपर बोल जिंकले. मोजपट्टी कोणाच्याही बाबतीत चुकते. पण ब्रेडीला निदान यादीत जागा होती, आपल्या जागेवर खेळण्याची संधी होती. केनी वॉशिंग्टनला यादीच बंद होती. या दोन चुकांची किंमत सारखी नाही.

वाचकहो, अमेरिकन शौकीन भांडतात यात वावगे काहीच नाही. तो त्यांचा आनंद आहे. पण कोणत्याही निवडीच्या वेळी, मग तो शाळेचा कबड्डी संघ असो की शिष्यवृत्तीची यादी, आपण एक प्रश्न अवश्य विचारावा: ही नावे गोळा करायला कोण गेले होते, आणि कुठपर्यंत गेले होते? आपल्या मुलामुलींतील गुण हेरून त्यांची नावे, गुण, वेळा वहीत टिपून ठेवण्याचे काम आपणच करायचे आहे. त्यासाठी फार पैसा लागत नाही. बिल ननकडे होती ती एक वही, पायपीट करण्याची तयारी आणि दुसऱ्यांनी न पाहिलेले पाहण्याची नजर.