सव्वा लाख किलोमीटर चाललेली गाडी घेताना

जुनी गाडी बघायला गेलो की आपली नजर सगळ्यात आधी मीटरवर जाते. ५० हजार दिसले की जीव भांड्यात पडतो, सव्वा लाख दिसले की आपण पाय मागे घेतो. आज मी तुम्हाला त्या आकड्यावरून नजर काढून एका कागदावर न्यायला बघणार आहे. गाडी घेतल्यापासून पहिल्या वर्षभरात तिला काय काय लागणार, त्याची बेरीज त्या कागदावर करायची. मागितलेली किंमत अधिक ही बेरीज, एवढ्याला ती गाडी तुम्हाला पडते.

उदाहरण घरातलंच आहे. माझा मावसभाऊ इंदूरला असतो. त्याच्या मुलीला पिथमपूरच्या कारखान्यात नोकरी लागली. कंपनीची बस शिफ्टच्या वेळेला जुळेना. जाऊन-येऊन रोजचे ६० किलोमीटर, म्हणजे वर्षाला १८ हजारांच्या आसपास. घरात ३ लाख होते आणि त्यात सगळं बसवायचं होतं. कर्ज नको, हे वहिनींनी आधीच सांगून टाकलेलं. त्यामुळे चूक झाली असती तर ती दुरुस्त करायला दुसरे पैसे नव्हते.

शेवटी दोन गाड्या उरल्या. दोन्ही मारुती स्विफ्ट, १.२ पेट्रोल, २०१३ च्या, मॅन्युअल गिअरच्या. पहिली महाराष्ट्र पासिंगची, मीटरवर ५८ हजार, दलालाकडे उभी, किंमत ३ लाख ४० हजार, 'बसून बोलू'. दुसरी इंदूरचीच, एकाच मालकाची, मीटरवर १ लाख ३२ हजार, किंमत २ लाख ८५ हजार. भाऊ मनाने पहिलीकडे झुकला होता. फोनवर मला म्हणाला, "अरे, निम्म्याहून कमी चाललीय!"

मी त्याला म्हटलं, पॅडलचं रबर बघ. क्लचच्या पॅडलवरचं रबर झिजून गुळगुळीत, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलेली, स्टीअरिंगचा वरचा भाग चकचकीत, आणि मीटर म्हणतंय ५८ हजार? हे जुळत नाही. मग कागद बघायला सांगितले. विम्याची पॉलिसी मध्ये एकदा खंडित झाली होती. अशा वेळी कंपनी गाडीची तपासणी करूनच नवी पॉलिसी देते आणि मीटरचं वाचन नोंदवते. तो तपासणीचा कागद दलालाने दिलेल्या गठ्ठ्यातच होता. चार वर्षांपूर्वीचा, आणि त्यावर मीटर ८४ हजार. गठ्ठा देताना दलालानेही तो चाळला नसावा.

मीटर मागे फिरवणं हे आपल्याकडे फार अवघड काम राहिलेलं नाही. सर्व्हिसची बिलं, विम्याचे तपासणी अहवाल आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद या तिन्ही ठिकाणी ते मागे फिरवणं मात्र कठीण. म्हणून मालकाला सोबत घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि गाडीच्या नंबरवरून जुना इतिहास काढून मागा. मालक टाळाटाळ करू लागला तर तेही उत्तरच समजा.

त्या गाडीचं परराज्याचं पासिंग हेही खर्चाचं कलम होतं. दुसऱ्या राज्यातली गाडी आपल्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधीच्या आरटीओचा नाहरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, आणि नव्या राज्याचा रोड टॅक्स. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, कुठेही राहात असाल आणि पुण्या-मुंबईची गाडी स्वस्त मिळतेय म्हणून आणणार असाल, तर आधी आपल्या आरटीओत टॅक्सचा आकडा विचारा. बऱ्याचदा तो स्वस्तपणा तिथेच संपतो.

पहिली गाडी सोडली. आता सव्वा लाखवाली.

एक साधं गणित करून बघू. हिचा मालक कामाला रोज देवासला जायचा, हायवेने. सरासरी ताशी ६० धरली तर १ लाख ३२ हजार किलोमीटरला इंजिन चाललं २,२०० तास. शहराच्या गर्दीत सरासरी ताशी १८ मिळाली तर ५८ हजार किलोमीटरलाच ३,२०० तास होतात. शिवाय गर्दीत क्लच हजार वेळा दाबला जातो, तो हायवेवर तासन्‌तास दाबला जात नाही. तेव्हा किती चालली याच्याबरोबर कशी चालली हेही विचारा.

या मालकाकडे बिलांची फाइल होती. ऑइल वेळेवर बदललेलं होतं, आणि या इंजिनात ते फार महत्त्वाचं. याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि वेळच्या वेळी चांगलं ऑइल मिळालं तर ती लांब टिकते. बेल्टवाली गाडी, उदाहरणार्थ रेनॉ डस्टरचं १.५ डिझेल, बघत असाल तर बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदलला नाही असं धरून तो खर्च कागदावर लिहा. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि मग बिल बेल्टचं राहात नाही, इंजिनचं होतं.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड हवं. मी बॉनेटवर हात ठेवूनच सुरुवात करतो. गरम लागलं तर चहा प्या, दोन-तीन तासांनी परत या. थंड इंजिन सुरू करताना जे ऐकू येतं आणि जो धूर दिसतो, तो गरम इंजिन लपवतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ चालतो, ती वाफ असते. पण इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या. चावी फिरवल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागून मग विझायला हवा. मुळीच लागला नाही तर कुणीतरी तो बंद करून ठेवलाय.

आता क्लच आणि गिअरबॉक्स. मॅन्युअल गाडीत पैसा इथेच अडकतो, म्हणून इथे जरा रेंगाळू.

सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० ला चौथा गिअर टाका आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला पण गाडी त्या मानाने पुढे सरकली नाही, तर क्लच घसरतोय. पॅडल अगदी वर आल्यावर पकडत असेल तर प्लेट संपत आलीय, किंवा निदान ॲडजस्टमेंट बघायला हवी. गाडी उचलताना थरथरली तर प्लेट असेल किंवा इंजिन माउंटिंग. दोन्हीच्या खर्चात बराच फरक आहे, म्हणून अंदाज न करता मेकॅनिकला दाखवा. क्लच किती किलोमीटरला जातो, असं मला नेहमी विचारतात. कुणाचा ५० हजारांना जातो, कुणाचा दीड लाखाला. पॅडलवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय कुणाला होती, ते मीटरवर कुठे लिहिलेलं नसतं.

यानंतरची परीक्षा फुकटची आहे आणि हजारो रुपये वाचवते. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, काचा वर, पंखा आणि रेडिओ बंद. पाय क्लचवरून काढा आणि ऐका. मग क्लच पूर्ण दाबा आणि परत ऐका. दाबल्यावर आवाज सुरू झाला तर तो रिलीज बेअरिंगचा. ते क्लच सेटबरोबर बदलतंच, वेगळी चिंता नको. उलट पाय काढल्यावर घरघर येत असेल आणि दाबल्यावर थांबत असेल, तर आवाज गिअरबॉक्सच्या आतला आहे, बहुधा इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. कारण क्लच दाबला की तो शाफ्ट फिरायचा थांबतो. एकच पॅडल, दोन आवाज, आणि बिलं अगदी निराळी.

दुसरा-तिसरा गिअर टाकताना कर्रकन आवाज आला तर सिंक्रोनायझरची रिंग झिजलीय. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप न्यूट्रलमध्ये सुटत असेल, तर ती गाडी मी सरळ सोडतो. रिव्हर्सला घाईत कर्र वाजलं तर घाबरू नका. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझरच नसतो. क्लच दाबून दोन सेकंद थांबायचं आणि मग टाकायचा.

भावाने हे सगळं केलं. क्लच घसरत होता. आणि न्यूट्रलमध्ये घरघर होती, क्लच दाबला की गप्प.

अशा वेळी घाबरून पळून जाऊ नका आणि 'होईल काहीतरी' म्हणून घेऊनही टाकू नका. अंदाजपत्रक लिहून घ्या, एक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून आणि एक ओळखीच्या गॅरेजकडून. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: क्लच बदलताना निम्मं काम गिअरबॉक्स खाली उतरवण्याचं असतं. तो एकदा उतरला की रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील बघण्याची वेगळी मोठी मजुरी नाही. म्हणून दोन कामं वेगवेगळ्या वेळी करणं म्हणजे एकाच मजुरीचे दोनदा पैसे देणं.

गॅरेजवाल्याने दिलेला हिशेब असा. क्लच सेट मजुरीसह ९,५००. गिअरबॉक्स उघडून बेअरिंग, ११,०००. पुढचे लोअर आर्म, लिंक रॉड आणि अलाइनमेंट, ७,२००. बॅटरी ४,५००. ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेकचं आणि गिअरचं ऑइल मिळून ६,०००. चार टायर १६,८००. बेरीज ५५ हजार. तुमच्या गावात, तुमच्या गाडीला आकडे वेगळे येतील. कलमं साधारण हीच असतील.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पुढचे दोन जुने निघाले, मागचे दोन बऱ्यापैकी नवे. म्हणजे दोनच घ्यायचे, ८,४०० वाचले. राहिले ४६,६००.

हा कागद भावाने मालकापुढे ठेवला. नुसतं 'कमी करा हो' म्हटल्यावर समोरचा दोन-चार हजार सोडतो. कलमवार कागद दिसला की तो प्रत्येक ओळीवर बोलतो. बॅटरी अजून वर्षभर चालेल, असं तो म्हणाला. गिअरबॉक्सच्या ओळीवर मात्र काही बोलला नाही. २ लाख ४२ हजारांवर सौदा ठरला. विमा आणि ट्रान्सफरसाठी १० हजार वेगळे धरले. एकूण २ लाख ९८ हजार ६००.

इथे मी भावाला एकदा थांबवलं. गाडी २०१३ ची, म्हणजे २०२८ साली नोंदणीची १५ वर्षं पूर्ण होणार. तेव्हा फिटनेस तपासणी आणि नूतनीकरण आलं. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५ हजारांवर गेलीय. पुढे ती विकायला काढली तर फारसं काही येणार नाही, हे धरूनच घ्यायची. तो म्हणाला, पोरीला तीन वर्षं सुखरूप नेली-आणली तरी वसूल.

कागदांचं काम त्याच आठवड्यात करा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५, थकलेली ई-चलानं आधी भरून घेतलेली. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज द्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. आणि विक्रेत्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे.

गिअरबॉक्स उघडला तेव्हा बेअरिंग गेलेलंच होतं. शिवाय दुसऱ्या गिअरची सिंक्रोनायझर रिंगही झिजलेली निघाली, ती थंड गाडीत दोनदाच वाजली होती आणि भावाने सोडून दिली होती. २,३०० जादा लागले. ३ लाखांच्या वर ९०० रुपये गेले, ते वहिनींनी दिले आणि बिल स्वतःच्या हाताने त्या फाइलीत लावलं.